टाकीतले साहेब

नम्ररावांनी आयुष्यात प्रत्यक्ष एकही झुरळ मारलेलं नव्हतं. न्हाणीघरात झुरळ दिसलं की ते आधी खाकरत, म्हणजे झुरळाला निघून जायची संधी देत. ते नाही गेलं तर बायकोला हाक मारत. बायको चप्पल घेऊन आली की भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि काम उरकल्यावर हळूच विचारत, "गेलं का?" कागदावर मात्र ह्याच माणसाने डझनभर माणसं गारद केली होती. कुणाला विहिरीत ढकललं होतं, कुणाला जिन्यावरून लोटलं होतं, एका न्हाव्याला तर त्याच्याच खुर्चीत बसवून त्याच्याच वस्तऱ्याने संपवलं होतं, आणि तेही गिऱ्हाइकाची अर्धी दाढी बाकी असताना.

नम्रराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात ते कारकून होते. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं आणि गढूळसुद्धा वेळेवर येत नाही, अशी पत्रं लोक शिव्यांच्या फोडणीसह पाठवत. नम्रराव प्रत्येकाला उत्तर देत, 'आपली तक्रार विचाराधीन आहे. आपला नम्र.' इतकी वर्षं इतक्या लोकांचे नम्र झाल्यावर कचेरीनेच त्यांचं बारसं करून टाकलं. रागाने बोललेलं त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. समोरच्याने आवाज चढवला की ते त्याच्यासाठी खुर्ची ओढत.

सुट्टीच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर ऊन यायचं, तिथे बसून ते खून करत. आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती की खून करताना हा माणूस अतिशय आनंदात असे. पहिल्या पानाला ते गुणगुणायला लागत. मुडदा पडला की बायकोला म्हणत, "दे, तो कांदा मी चिरतो." ज्या आठवड्यात नम्ररावांची कथा पुरी होई, त्या आठवड्यात घरातला गळका नळ दुरुस्त होई, सासूबाईंना पत्र जाई आणि न सांगता केराची बादली खाली जाई. बायकोने हे ओळखलं होतं आणि ती शहाणी असल्याने त्याचा कुठे बोभाटा करत नव्हती. कथा वाचून ती एवढंच म्हणे, "न्हाव्याची जास्त रंगली होती." ह्या एका वाचकावर नम्रराव इतकी वर्षं तरून होते.

इथे जरा आडवाटेला जाऊन एक सांगायला हवं. त्याच कचेरीत वसुली विभागात एक कवी होता. तो चांदण्यावर लिही. चांदणं, प्राजक्त, दवबिंदू, तुझे डोळे. ह्या दवबिंदूवाल्याने एकदा शिपायाला पेपरवेट फेकून मारला होता, सख्ख्या भावाशी गच्चीच्या मालकीवरून त्याचा दावा चालू होता, आणि त्याच्या घरातून भांडी आपटल्याचे आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जात. पण त्याच्या मनाची अवस्था काय असावी, असं कधी कुणाला वाटलं नाही. चांदण्यावर लिहिणाऱ्याचं डोकं तपासायची आपल्याकडे पद्धत नाही.

तर एका प्रकाशकाने नम्ररावांच्या कथांचा संग्रह काढायचं कबूल केलं. पत्र आलं त्या दिवशी नम्रराव घरात चपला घालूनच फिरत राहिले. पुस्तक! पाठीवर आपलं नाव असलेलं, कपाटात उभं राहणारं पुस्तक! ह्याखेरीज त्यांनी जगाकडे काही मागितलेलं नव्हतं. आणि तिथेच ह्या सज्जन माणसाने ती चूक केली जी फक्त सज्जन कारकूनच करू शकतो. त्याने परवानगी मागितली.

नियम होता. कर्मचाऱ्याने पुस्तक छापण्यापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि अर्जासोबत लेखनाचा नमुना जोडावा, असं नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. हा नियम आहे हे कचेरीत फक्त नम्ररावांना माहीत होतं, कारण नियमपुस्तिका वाचलेला तिथला तो एकमेव माणूस.

"कशाला विचारताय?" बायको म्हणाली. "त्या कवीने विचारलं होतं?"

"त्याचं त्याच्यापाशी. नियम म्हणजे नियम."

"मग निदान नमुना तरी बेताचा जोडा. त्या आंधळ्या म्हातारीची द्या. त्यात एकच मरतो, आणि तोही आजारी असतो."

पण लेखकाचा अहंकार नम्र माणसातही असतो, फक्त तो इस्त्री करून घडी घातलेला असतो. नम्ररावांनी आपली सर्वांत चांगली कथा जोडली. तिचं नाव 'गोड पाणी'. तिच्यात पाणीपुरवठा कार्यालयातला एक कारकून आपल्या साहेबांना पाहणीच्या निमित्ताने टेकडीवरच्या टाकीवर नेतो, गंजलेलं झाकण उचलतो आणि "वाकून बघा, साहेब" म्हणतो. साहेब वाकतात. त्यानंतर शहराला पाणी गोड लागायला लागतं. लोक तक्रारींऐवजी आभाराची पत्रं पाठवतात. नवे साहेब येतात, ती पत्रं वाचून खूश होतात, आणि कारकून अदबीने विचारतो, "टाकीची पाहणी कधी करायची, साहेब?"

कथा उत्तम होती. पण ती उत्तम आहे की नाही हा प्रश्न पुढच्या सगळ्या प्रकरणात एकदाही, एकाही माणसाने उपस्थित केला नाही. नम्ररावांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

फाइल आधी हेडक्लार्कबाईंकडे गेली. बाईंनी शाळा सोडल्यापासून गोष्ट वाचली नव्हती, पण फाइल म्हणून समोर आलेला कागद त्या पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचत. 'गोड पाणी'ही त्यांनी तशीच वाचली आणि हिरव्या शाईत टिपणी लिहिली: 'सदर कथेचे अवलोकन केले असता खालील बाबी निदर्शनास येतात. खून कार्यालयीन वेळेत झालेला आहे. कारकुनाने टेकडीवर जाण्यासाठी हालचाल नोंदवहीत नोंद केलेली दिसत नाही. मृत साहेबांचा कार्यभार कोणाकडे सोपवला याचा खुलासा नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप नसल्याचे नमूद आहे, वस्तुस्थिती काय? साहेबांचे वर्णन (टक्कल, सोनेरी चष्मा, जेवणानंतर ढेकर) ओळखीचे वाटते. कृपया अवलोकनार्थ.'

साहेबांना टक्कल होतं. सोनेरी चष्माही होता. ढेकराबद्दल कचेरीत दुमत नव्हतं.

आता नम्ररावांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ती कथा त्यांनी आधीच्या साहेबांच्या काळात लिहिली होती आणि त्या साहेबांना भरगच्च केस होते. टक्कल त्यांनी केवळ पाण्यात पडल्यावर ऊन चमकायला सोयीचं म्हणून घातलं होतं. पण हे सांगायचं कुणाला? साहेबांनी फाइल वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून ते नम्ररावांशी फार गोड बोलू लागले. वऱ्हांड्यात गाठ पडली की "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचे आणि स्वतः चार पावलं मागून चालायचे. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरायचे. शिपाई नम्ररावांच्या टेबलावर चहाचा कप ठेवून मागच्या मागे सरकायला लागला. तक्रार घेऊन आलेला एक म्हातारा नेहमीप्रमाणे ओरडायला लागला, तेव्हा शिपायाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याने तक्रारच मागे घेतली आणि पाणी मुबलक येतं असं लिहून दिलं.

"माझी कथा वाचलीत का?" नम्ररावांनी शेवटी धीर करून हेडक्लार्कबाईंना विचारलं.

"वाचली ना."

"कशी वाटली?"

बाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली. "घरी सगळं ठीक आहे ना हो तुमच्या? वहिनी जेवायला वेळेवर देतात ना?"

बातमी घरापर्यंत यायला वेळ लागला नाही. नम्ररावांच्या समोरच्या दारात एक विमेवाले राहत. ते सल्ला फुकट देत आणि विमा विकत, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच होई. ते एका संध्याकाळी येऊन कोचाच्या अगदी कडेला, दाराकडे तोंड करून बसले.

"नम्रराव, मनात काही असेल तर बोलून टाकावं माणसाने. मी आहे ना. आतल्या आत ठेवलं की मग ते असं टाकीतून बाहेर येतं."

"अहो, माझ्या मनात काही नाही. ती कथा आहे."

"प्रत्येकजण असंच म्हणतो."

"कोण प्रत्येकजण?"

नम्रराव चहा टाकायला आत गेले तशी विमेवाल्यांनी आवाज खाली आणून बायकोला विचारलं, "वहिनी, तुमच्या नावावर त्यांनी अलीकडे काही विमा वगैरे काढलाय का? नाही ना? मग काढू देऊ नका. मी विमेवाला असून सांगतोय, ह्यावरून ओळखा."

"ते लिहीत असले की इतके छान असतात," बायको म्हणाली.

"तेच तर! अशी माणसं छानच असतात. नंतर शेजारी म्हणतात, किती छान होते हो." आणि नंतरचे ते शेजारी आपणच असू हे ध्यानात येऊन विमेवाले चहा न घेताच उठले.

आठवड्याने कार्यालयाचं पत्र आलं. परवानगीचा विचार करण्यापूर्वी अर्जदाराने आपले मानसिक स्वास्थ्य उत्तम असल्याचा तज्ज्ञाचा दाखला सादर करावा. पत्राखाली 'आपला नम्र' असं लिहिलेलं पाहून नम्ररावांना पहिल्यांदा कळलं की हे दोन शब्द वाचणाऱ्याला कसे लागतात.

पण पुस्तक हवं होतं. गेले बिचारे मनाच्या डॉक्टरांकडे. तिथे बाकावर बसताना त्यांनी पेपर तोंडासमोर धरला, आणि शेजारच्या माणसानेही धरलेला होता, तो वसुली विभागातला कवी निघाला. दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही असं ठरवलं.

डॉक्टर तरुण आणि उत्साही होते. त्यांनी कथा वाचली, पेन सरसावलं आणि विचारलं, "लहानपण कसं गेलं?"

"सुखात."

डॉक्टरांचा चेहरा थोडा उतरला. "वडिलांचा धाक होता?"

"वडिलांनाच आईचा धाक होता. माझ्या वाट्याला काही उरला नाही."

"झोप?"

"डोकं टेकलं की."

"मग साहेबांना टाकीत का ढकललंत?"

"विहिरीत आधीच एकाला ढकललं होतं, डॉक्टर. तेच तेच वाचकांना आवडत नाही."

डॉक्टरांनी त्यांना शाईचे डाग दाखवले. प्रत्येक डागात नम्ररावांना शाईचा डाग दिसला. अखेर डॉक्टरांनी हात टेकले आणि लिहून दिलं की ही व्यक्ती मनाने पूर्ण निरोगी, किंबहुना जरुरीपेक्षा थोडी जास्तच निरोगी आहे. नम्ररावांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून घरी आणला. विमेवाल्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "आता सावध राहायला हवं. खरे पोचलेले असतात ना, ते डॉक्टरलासुद्धा फसवतात."

इथवर झालं ते माणसाने सहन करावं असंच होतं. पण हेडक्लार्कबाईंच्या टिपणीतला तो एक प्रश्न, झाकणाच्या कुलपाची वस्तुस्थिती काय, हा मधल्या काळात स्वस्थ बसलेला नव्हता. कचेरीत विचारलेल्या प्रश्नाला मरण नसतं. तो देखभाल विभागाकडे गेला. देखभाल विभागाने उत्तर दिलं की कुलूप आहे, मात्र किल्ली आढळत नाही. किल्ली कोणाकडे होती ह्याची विचारणा झाली. शिपाई चौकशीला टेकडीवर गेला आणि येऊन म्हणाला की कुलूपही आढळत नाही. ही सगळी पत्रापत्री एका कारकुनाने जेवणाच्या सुट्टीत वाचली, त्याने मेव्हण्याला सांगितली, मेव्हणा विमेवाल्यांचं गिऱ्हाईक होता, आणि विमेवाल्यांना एखादी गोष्ट कळणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. बातमीला पाय फुटतात म्हणतात, हिला तर पंख फुटले. पहिल्या दिवशी शहरात कथा पसरली. दुसऱ्या दिवशी कथा हा शब्द गळला. तिसऱ्या दिवशी टाकीत कुणीतरी पडलंय आणि कचेरी ते दडपतेय, एवढंच शिल्लक राहिलं.

"तरीच म्हटलं पाण्याला वास कसला येतोय," लोक म्हणाले.

"मला तर गोडसर लागत होतं," दुसरे म्हणाले, आणि त्यांना कथा माहीतही नव्हती.

बायकांनी रिकाम्या कळश्या, बादल्या आणि पिंपं कचेरीच्या फाटकापुढे मांडून ठेवली आणि त्यांच्यामागे उभ्या राहून साहेबांच्या नावाने शंख केला. साहेब गच्चीवरून म्हणाले की टाकीत कुणीही पडलेलं नाही. "मग दाखवा!" खालून आवाज आला. साहेब हिशोब करत होते की आपण हजर आहोत, आधीचे साहेब बदलून गेले तेही जिवंत आहेत, म्हणजे टाकीत साहेब असणं शक्य नाही. त्यांनी मोठ्या तडफेने हुकूम सोडला की टाकी रिकामी करून जनतेला दाखवा.

टाकी रिकामी झाली. जनतेने बघितलं. साहेब नव्हता. गुडघाभर गाळ होता. त्या गाळात एक छत्री होती, एक लाकडी शिडी होती, बुटाचा एक जोड होता, कुणाची तरी दातांची कवळी होती, आणि कार्यालयाचा क्रमांक रंगवलेली, हात मोडलेली एक खुर्ची होती. ती खुर्ची तिथे कशी गेली ह्यावर पुढे स्वतंत्र फाइल निघाली. खुद्द टाकी मात्र कागदोपत्री दर वर्षी स्वच्छ होत होती. धुण्याचा खर्च मंजूर होता, झाल्याच्या सह्या होत्या, पाहणी केल्याचे शेरे होते. सगळं शहर इतकी वर्षं कवळीचं पाणी पीत होतं आणि तक्रार केली की नम्ररावांचं नम्र उत्तर घरी नेत होतं.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणायची सोय तरी इतरांना असते. नम्ररावांनी तर काहीच केलेलं नव्हतं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. ह्या वेळी साहेबांना भीती वाटत नव्हती, कारण आता त्याहून मोठी भीती वाटत होती.

"झाकण गंजलेलं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, साहेब. कल्पना केली."

"कुलूप नाही हे?"

"कल्पनाच."

"नम्रराव, माझ्या देखभाल विभागाला जे माहीत नाही ते तुमच्या कल्पनेला माहीत? कोण विश्वास ठेवेल? वरून विचारणा झालीय. कार्यालयाची गोपनीय माहिती कथेच्या रूपाने बाहेर फोडली, असा ह्याचा सरळ अर्थ होतो. चौकशी लागेल. निलंबन होईल."

"साहेब, मी कधी टेकडीसुद्धा चढलेलो नाही. मला धाप लागते."

"हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतो." साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "एक वाट आहे. लिहिताना तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असा दाखला आणा. मग ती माहिती राहत नाही. मग तो भ्रम होतो. भ्रमाची चौकशी होत नाही. तुम्ही महिनाभर रजेवर जायचं, आम्ही टाकी धुवायची, प्रकरण बंद."

"पण साहेब, डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला तुम्हीच मागितला होता. तो फाइलला लावलाय."

"तो आम्ही पाहिलेलाच नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो फाइलमधून काढून नम्ररावांच्या हातात ठेवला.

म्हणजे बघा. खोटी गोष्ट लिहिली तेव्हा माणूस वेडा नाही हे सिद्ध करायला लावलं, आणि ती गोष्ट खरी निघाली तेव्हा वेडा आहे हे सिद्ध करायला लावलं. शहाण्याने कचेरीची पायरी चढू नये म्हणतात, पण जो तिथे नोकरीलाच आहे त्याने काय करावं?

नम्रराव पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसले. कवी तिथे होताच. ह्या वेळी त्याने मान हलवली.

"असं कसं लिहून देऊ?" डॉक्टर म्हणाले. "मीच महिन्यापूर्वी लिहिलंय, तुम्ही ठणठणीत आहात."

"तेव्हा होतो," नम्रराव म्हणाले, आणि मग त्यांना जे कधी होत नाही ते झालं. त्यांचा आवाज चढला. "तेव्हा होतो हो! आता मला झोप येत नाही. जेवण जात नाही. शिपाई माझ्याकडे पाठ करत नाही. समोरचे विमेवाले दाराच्या भोकातून बघतात, मी हसलो तरी दचकतात, नाही हसलो तरी दचकतात. माझी मोलाची कथा कचेरीत जागोजागी फिरली, हिरव्या शाईने रंगली, सगळ्या शहराने ती न वाचता तिच्यावर मतं दिली, आणि एका माणसाने, एका तरी माणसाने सांगितलं नाही की बाबा रे, बरी लिहिलीयस! शेवटचं वाक्य बसलंय! डॉक्टर, आता मला खरंच वाटतं की ह्या सगळ्यांना..."

"कुठे?" डॉक्टरांनी पेन उचललं.

"जागा ठरवायची आहे."

डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी भराभर दोन पानं लिहिली. नम्रराव बिघडले होते हे निर्विवाद होतं, फक्त कथेनंतर बिघडले होते, आणि तारीख मागची घालायला डॉक्टर तयार होईनात. अखेर त्यांनी तारखेची जागा कोरी ठेवली. साहेबांनी ती प्रेमाने भरली. उपचार म्हणून डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "ते काळं लिखाण आता अजिबात बंद. काहीतरी उजळ लिहा. फुलं, पाखरं, लहान प्राणी. मनात जे यावं असं वाटतं, ते हाताने लिहायचं. मन आपोआप मागे येतं."

रजेच्या काळात नम्ररावांनी उपचार म्हणून गोष्ट लिहिली. तिचं नाव 'खारुताईचे अक्रोड'. उजळ लिहायचंय हे कळल्यावर विमेवाले मदतीला आले आणि टेबलाशी, दाराकडे तोंड करून, प्राणी सुचवत बसले. लिहिताना त्यांनी दात इतके आवळून धरले होते की एक दाढ दुखायला लागली. पेनाच्या टोकाने कागद दोन ठिकाणी फाटला. गोष्टीतली खारुताई दिवसभर राबून अक्रोड जमवते, मग कावळा मागतो, त्याला देते, घूस मागते, तिला देते, साप मागतो, त्याला सोलून देते, आणि सगळे आनंदाने नाचतात. एवढी घाणेरडी गोष्ट आपण आयुष्यात लिहिली नाही, हे नम्ररावांना लिहितानाच कळत होतं.

सुधारणेचा पुरावा म्हणून ती कार्यालयाच्या मासिकात छापली गेली. आणि काय सांगावं! वार्षिक स्नेहमेळाव्यात साहेबांनी ती स्वतः वाचून दाखवली. साप अक्रोड खातो तिथे त्यांचा आवाज भरून आला. "मन निर्मळ असल्याशिवाय असं लिहिता येत नाही," ते म्हणाले. हेडक्लार्कबाईंनी डोळे पुसले. देखभाल विभागाने टाळ्या वाजवल्या. शिपायाने पाठ करून चहा दिला. ज्या चार शब्दांसाठी नम्रराव महिनोन्महिने आशाळभूत होते ते आता येता-जाता कानावर पडायला लागले: काय सुंदर लिहिता हो! कवीने कोपऱ्यात गाठून विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

परवानगीही आली. पुस्तक काढण्यास हरकत नाही, मात्र त्यात खून, मृत्यू, अंधार, पाणी आणि साहेब यांचा उल्लेख नसावा. संग्रहातून खून, मृत्यू, अंधार, पाणी आणि साहेब काढल्यावर पानांचे आकडे तेवढे उरत होते. नम्ररावांनी तसं प्रकाशकाला कळवलं. त्याचं उलट टपाली उत्तर आलं की मग खारुताईच्याच दहा-बारा गोष्टी द्या, चित्रं टाकू, मुलांच्या पुस्तकांना फार मागणी आहे. म्हणजे पाठीवर नाव असलेलं, कपाटात उभं राहणारं पुस्तक निघणार होतं. फक्त त्यात एक खार असणार होती.

विमेवाल्यांची भीती तर साफ गेली. ते आता रोज संध्याकाळी येत, कोचावर ऐसपैस मागे रेलून बसत आणि नम्ररावांना पुढच्या गोष्टींसाठी कल्पना सुचवत. "ससा घ्या. सशाला लोक नाही म्हणत नाहीत." सुट्टीच्या सकाळीसुद्धा आले आणि जेवणाच्या टेबलाशी बसून हत्ती घ्यावा की घेऊ नये ह्यावर बोलत राहिले. नम्रराव 'हो' म्हणत होते, 'बरं' म्हणत होते, आणि एकटक त्यांच्याकडे बघत होते.

ते गेल्यावर बायकोने मासिक उघडलं. इतके दिवस ती ते टाळत होती. लेकरांच्या गोष्टी तिला मुळात आवडत नसत, आणि नवऱ्याला दुखवायचं नव्हतं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि सापाला अक्रोड सोलून देतात तिथे ती थांबली. नवऱ्याचे सगळे खून तिने चहा पीत, मजेत वाचले होते. ह्या एका माणसाला ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती, ती आज घाबरली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही गोष्ट लिहिताना तुमच्या मनात काय होतं?"

"खरं सांगू?"

"सांगा."

"विमेवाले तेव्हा असेच समोर बसले होते. ससा घ्या, ससा घ्या, चाललं होतं. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. बराच वेळ बघत होतो. टेबलावर कांदा चिरायची सुरी होती."

"आणि मग?"

"मग खारुताईने सगळ्यांना अक्रोड वाटले."

बायको उठली. तिने आधी ती सुरी उचलून आत नेली. मग बाहेर येऊन मासिक केराच्या बादलीत टाकलं, प्रकाशकाचं पत्रही टाकलं, आणि टेबल पुसून नवऱ्यापुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला.

"बसा. आणि आत्ताच्या आत्ता कुणाचा तरी मुडदा पाडा."

"अगं, परवानगी नाही."

"छापायची नाही. पाडायची कुणाला विचारायचीय?"

"पुस्तक व्हायचं नाही मग. कुणी वाचायचंही नाही."

"मी वाचीन ना," ती म्हणाली. "हे बघा, मला पुस्तक नसलं तरी चालेल. नवरा तुरुंगात गेलेला नाही चालायचा."

नम्ररावांनी पेनाचं टोपण काढलं.

"कोणापासून सुरुवात करू?"

"विमेवाल्यांपासून," बायको समोरची खुर्ची ओढून बसत म्हणाली. "आणि एका पानात उरकू नका. आरामात मारा. माझ्यासुद्धा बऱ्याच संध्याकाळी खाल्ल्यात त्यांनी."